ओट्याचा ग्रॅनाईट बसायच्या बाजूला 12 इंच बाहेर काढायचा आहे. खाली आधार लागेल का?

हो, लागेलच. मिस्त्री "काही होत नाही" म्हणाले तरी ऐकू नका. 18-20 मिमीचा ग्रॅनाईट आधाराशिवाय 6 इंचांपर्यंतच बाहेर ठेवावा. दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र सोसत नाही. बाहेरच्या कडेवर भार आला की वरच्या अंगाला ताण पडतो आणि भिंत संपते तिथेच चीर जाते.

मिरजेला माझ्या बहिणीकडे नेमकं हेच झालं. फळीवरचा हळदीचा डबा काढायला पोरगा त्या कडेवर गुडघा टेकवून चढला आणि पट्टी अख्खी तुटून खाली आली. पोराचा पाय थोडक्यात वाचला.

तुम्ही 40 × 40 × 5 मिमीच्या लोखंडी अँगलचे ब्रॅकेट करून घ्या. दर दीड फुटाला एक, आणि पुढची कड तीन इंच मोकळी राहील एवढे लांब. ते विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत पक्के गेले पाहिजेत; नुसत्या प्लास्टरमध्ये ठोकलेला बोल्ट धरत नाही. दगड बसवण्याआधी रेडऑक्साइड मारा, स्वयंपाकघरातल्या ओलीने लोखंड गंजतं. ब्रॅकेट एका पातळीत आहेत ना, हे लेव्हलपट्टी ठेवून स्वतः बघा. एखादा जरी वर राहिला तर दगड तिथेच तडकतो.

जोड आणि सिंकचं भोक या बाहेरच्या भागात येऊ देऊ नका. खाली कडप्पा लावला तर चांगलंच, पण ब्रॅकेट हवेतच.