शालीबरोबर चार शब्द

प्रश्न : माझे मोठे दीर विधानभवनातून प्रतिवेदक (सभागृहातलं बोलणं शब्दशः लिहून घेणारे) म्हणून या महिन्यात निवृत्त होत आहेत. घरच्या सत्कारात मी बोलणार आहे. नेमकं काय बोलू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, त्यांचं काम सांगा. घरातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसेल. मी बरीच वर्षं पत्रकार कक्षातून ही माणसं पाहिली. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मेजावर ती बसतात, थोड्या मिनिटांची पाळी संपली की उठतात आणि दुसरा प्रतिवेदक लिहू लागतो. लक्षवेधीवर (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर) गदारोळ होतो, चार सदस्य एकदम बोलतात, कुणी वऱ्हाडीत तर कुणी मालवणी वळणानं. त्यातून कोण काय म्हणालं ते नेमकं टिपायचं, तेही पक्ष न बघता! मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन पुढे कुणी नाकारलं, तर आमदार प्रतिवेदकांनी लिहिलेली हीच कार्यवाही काढून दाखवतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आणखी एक आवर्जून सांगा. राज्यघटनेच्या कलम 187 नुसार विधिमंडळाचा कर्मचारीवर्ग स्वतंत्र असतो. सरकारं बदलली तरी तुमचे दीर सभागृहाचेच राहिले.

जाऊबाईंचंही नाव घ्या. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, तेव्हा घर त्यांनीच सांभाळलं असेल. शाल दोघांनाही द्या. आणि दिरांना दोन मिनिटं बोलू द्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचीच भाषणं लिहून घेतली आहेत.