पाकिटावर तारीख घाला

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका बालवाडीत मी ३१ वर्षं होते. या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं मुलांना काय भेट द्यावी याबद्दलचीच आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवते आणि आज हीच पत्रं घेते.

प्रश्न : ताई, आम्ही मांजलपूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी येत्या २१ तारखेला पाच वर्षांची होईल. गेल्या वाढदिवसाला ३४ भेटी आल्या. त्यात डॉक्टरचे सेट तीन, भातुकलीचे चार आणि माझ्या कमरेइतकं उंच एक अस्वल. खाली ठेवायला जागा नाही म्हणून ते अस्वल वर्षभर कपाटावर पिशवीत बसून आहे. यंदा निरोपातच ‘कृपया आहेर आणू नये’ असं लिहायचं म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, लोकांना तोडून बोलल्यासारखं वाटेल. माझी नणंद भरूचला असते, वर्षातून दोनदा येते आणि दर वेळी मोठं खेळणं घेऊन येते. तिला कसं सांगू? – एक आई

उत्तर : तुमच्या सासूबाईंचं मला पटतं. ‘आहेर आणू नये’ ही ओळ लग्नपत्रिकांत वाचून वाचून आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की डोळा तिच्यावर थांबतच नाही. ज्यांचा थांबतो तेही लहान मुलीच्या घरी रिकाम्या हाताने यायला संकोचतात आणि वाटेत जे दुकान लागेल तिथून काहीतरी उचलतात. डॉक्टरचे तीन-तीन सेट येतात ते असेच. द्यायचं सगळ्यांच्या मनात असतं, पण काय द्यावं ते सुचत नसतं. ते तुम्ही सांगा. जवळच्या आठ-दहा माणसांना, एकेकाला वेगळं, फोनवर आणि आठवडाभर आधी.

सुरुवात नणंदेपासून करा. वर्षातून दोनदा दिसणाऱ्या आत्याला वाटतं की भाचीच्या घरात आपलं काहीतरी सतत दिसत राहावं. म्हणून तिचं खेळणं मोठं असतं. ‘खेळणं नको’ म्हणालात तर ते तिला लागेल. त्याऐवजी म्हणा, “ताई, ती तुमच्याकडे एकटी कधी राहिलेली नाही. या वाढदिवसाला तिला तुमच्या घरची एक रात्र द्या.” भरूच आगगाडीने काही लांब नाही. आईशिवायची पहिली रात्र, आत्याच्या हातची न्याहारी, सकाळी नर्मदाकाठी जाऊन १८८१ सालचा तो लांबलचक लोखंडी गोल्डन ब्रिज बघायचा. मुलगी परत येऊन आठ दिवस त्याच गोष्टी सांगेल. आत्याला जे हवं होतं तेच हे आहे, आणि ठेवायला कपाट लागत नाही.

मात्र अशा भेटीत एक चूक होते. ती मी स्वतः केलेली आहे.

माझ्या भाच्याच्या सहाव्या वाढदिवसाला मी पाकिटात चिठ्ठी घालून दिली होती : ‘मावशी तुला पावागडला नेणार, रोपवेतून वर!’ पाकीट हातात घेऊन तो घरभर नाचला. कधी जायचं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, सुट्टी लागली की. सुट्टीत बालवाडीचं शिबिर निघालं, मग पाऊस लागला, मग माझा गुडघा. त्याने विचारायचं केव्हा थांबवलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. दोन वर्षांनी मेहुण्यांची सुरतेला बदली झाली. सामान बांधताना त्याच्या जुन्या दप्तरातल्या कंपासपेटीत ते पाकीट मिळालं, चार घड्या घालून ठेवलेलं. पुढे आम्ही पावागडला गेलो, तो दहा वर्षांचा असताना. खाली चांपानेरची जामा मशीदही पाहिली. त्याला सगळं आवडलं. पण माझा शब्द सहा वर्षांच्या मुलाला दिलेला होता, आणि तो मुलगा वाट पाहून मोठा होऊन गेला होता.

तेव्हापासून ज्याला त्याला सांगते, पाकिटावर तारीख घाला. ‘सुट्टीत’, ‘जरा मोठी झालीस की’ याचा पाच वर्षांच्या मुलीला काही अर्थ लागत नाही. ‘८ तारीख, रविवार, सकाळी नऊ वाजता आत्या दारात’ हे तिला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवता येतं. रोज एक चौकोन तिला स्वतः खोडता येतो. ते चौकोन खोडणंही भेटीतच धरा. तारीख घालायची तयारी नसेल, तर सरळ एक चेंडू आणून द्यावा, तो निदान त्याच दिवशी हातात पडतो.

क्लासची फी भेट म्हणून देण्याची हल्ली पद्धत निघाली आहे. तबला, चित्रकला, पोहणं. चांगली आहे, पण देणाऱ्याने आधी आईला विचारावं, कारण आठवड्यातून तीनदा ने-आण तिच्याच गळ्यात पडते. आणि फी एका महिन्याची द्यावी, वर्षाची नको. वर्षाचे पैसे भरले की मूल रडत असलं तरी ते वसूल करण्याचा मोह आपल्याला आवरत नाही.

ज्यांना फोन करण्याइतकी ओळख नाही, त्यांनी विचारलंच तर एकच उत्तर ठेवा : खडू आणि चित्रकलेचे कागद. कितीही आले तरी वर्षभरात संपतात.

राहिलं अस्वल. मुलीला न विचारता ते देऊन टाकू नका. खाली काढा, चार दिवस तिच्याजवळ राहू द्या, मग विचारा. द्यायचं ठरलं तर जवळच्या अंगणवाडीत हवं आहे का ते आधी विचारून या. जागा त्यांनाही लागते.

प्रश्न : नमस्कार. रेल्वेतून निवृत्त झालो, कारेलीबागेत राहतो. नातू अकरा वर्षांचा, नात सहाची. दोघांच्या वाढदिवसाला मी न चुकता चांदीचं नाणं देतो. परवा नातू शेजारच्या मुलाला सांगत होता, “माझे आजोबा काहीच देत नाहीत.” मनाला फार लागलं. नाणी सगळी सुनेच्या लॉकरमध्ये आहेत. मी काय बदलू? – एक आजोबा

उत्तर : नमस्कार. नातवाने खोटं सांगितलं नाही, एवढं आधी मान्य करू या. नाणं त्याच्या डोळ्यांसमोरून दोन मिनिटांत जातं आणि लॉकरमध्ये बंद होतं. तुमची माया त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढच्यासाठी ठेवणं वेगळं आणि मुलाला देणं वेगळं. दोन्ही करा, पण दोन वेगळ्या गोष्टींनी करा.

ठेवायचंच असेल तर नातीसाठी सुकन्या समृद्धी खातं पाहा. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत ते उघडावं लागतं, पोस्टात किंवा बँकेत, आणि उघडायचं आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकाने. तुम्ही स्वतःच्या नावाने उघडायला जाऊ नका, भरायला पैसे मुलाकडे द्या. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पुरी होते. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. नातवासाठी साधं बचत खातं बरं. दहाच्या पुढच्या मुलाला आपलं खातं स्वतः चालवता येतं. पैसे भरायची चिठ्ठी त्यालाच लिहायला लावा.

आता मुलांना द्यायचं. तुम्ही रेल्वेतले, हे वाचून मला आनंद झाला, कारण तुमच्याजवळ आहे ते दुसऱ्या कुणाच्या आजोबांजवळ नाही. नातवाला डभोईला घेऊन जा. आपल्या गायकवाडी राज्यात १८६२ साली मियागामपासून डभोईपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, देशातली पहिली अरुंद रुळांची गाडी ती. आणि सुरुवातीला ती बैल ओढत होते! अकरा वर्षांच्या मुलाला हे स्टेशनावर उभं राहून सांगा. येताना हिरा भागोळ दाखवा, वेशीवरचं कोरीवकाम दोघे मिळून बघा. तुमच्या नोकरीतल्या गोष्टी त्याने घरी बसून ऐकल्या नसतील, तिथे ऐकेल.

नातीसाठी चार रविवार. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एका खेपेला एकच गोष्ट. पहिल्या रविवारी देवमाशाचा सांगाडा. त्याच्याखाली उभं राहायचं, त्याच्या शेपटीपासून तोंडापर्यंत पावलं मोजायची, बागेत शेंगा खायच्या आणि घरी यायचं. ममी पुढच्या रविवारी. मोठी माणसं एका दुपारी सगळी दालनं उरकतात आणि मुलांचे पाय दुखतात, लक्षात काही राहत नाही. मी बालवाडीच्या मुलांना नेत असे तेव्हा हाच नियम होता, आणि आज बापे झालेली मुलं रस्त्यात भेटली की देवमाशाचीच आठवण काढतात.

दोघांना मिळून मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीची मेंबरशिप काढून द्या. सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून राज्यभर वाचनालयांची घडी बसवली, तीत मुलांचाही विचार होता. तिथलं पुस्तक परत करायचं असतं, म्हणजे घरात साचत नाही आणि परत करायला पुन्हा आजोबांबरोबर जावं लागतं.

अजून एक, आणि हे मी सगळ्याच आजी-आजोबांना सांगते. आपली मुलं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती आणि घरात मराठी बोलतात. मराठी वाचताना मात्र अडखळतात, जोडाक्षर आलं की थांबतात. ‘किशोर’ची वर्गणी नातवाच्या नावाने भरा. बालभारती १९७१ पासून ते मासिक काढते आहे. पत्त्यावर त्याचं पूर्ण नाव घाला, ‘द्वारा’ करून तुमचं नको. टपालवाला त्याच्या नावाने हाक मारतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पहिले दोन-तीन अंक तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडा आणि फिरायला निघून जा.

प्रश्न : मुलगा वर्षाचा आहे, त्याचं पहिलं बोरनहाण आहे. हल्ली बोरांबरोबर चॉकलेटं आणि प्लास्टिकच्या छोट्या वस्तू टाकतात, वर रिटर्न गिफ्ट असतंच. आम्ही काय करावं? – वारसियाहून एक मामी

उत्तर : काही नवीन करू नका, जुनंच करा. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे, रेवड्या. मुलं ओच्यात भरून लुटतात आणि रात्रीपर्यंत सगळं पोटात गेलेलं असतं. हलव्याचे दागिनेसुद्धा शेवटी खाल्लेच जातात. मुलांचा इतका मोठा आनंद, आणि दुसऱ्या दिवशी झाडून काढली की खोली मोकळी! आपल्या आज्यांनी घालून दिलेला हा सण प्लास्टिकच्या शिट्ट्यांनी भरताना मला खरोखर वाईट वाटतं.

एक काळजी घ्या. तुमचं बाळ वर्षाचं आहे. शेंगदाणे, बोराच्या बिया, हलव्याचे दाणे त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, घशात अडकतात. डोक्यावरून टाकताना मूठ हलकी ठेवा आणि एका माणसाने फक्त बाळाच्या हातांवर लक्ष ठेवावं. दिवस रथसप्तमीपर्यंत कुठलाही घ्या. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांत आणि तिचा दुसरा दिवस, सोडून, कारण ते दोन दिवस सगळी पोरं पतंग उडवायला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, असतात, कोणी खाली येणार नाही.

जाताना प्रत्येकाला कागदाच्या पुडीत मूठभर मेथीदाणे द्या. खोक्यात माती घालून पेरले की तीन-चार दिवसांत कोंब वर येतात. लहान मुलाचा धीर तेवढाच असतो, म्हणून रोप देण्यापेक्षा मेथी बरी. रोप फ्लॅटच्या गॅलरीत वाळलं की मूल हिरमुसतं. मेथी तीनेक आठवड्यांत कापायची आणि तिचे थेपले करायचे.

प्रश्न : मी नऊ वर्षांचा आहे. मला वाढदिवसाला सगळे पुस्तकं आणि कपडे देतात. मला रिमोटची गाडी हवी आहे. आई म्हणते पसारा होतो. तुम्ही पण खेळण्यांच्या विरुद्ध आहात का? – वाघोडिया रोड

उत्तर : नाही रे राजा, अजिबात नाही. ज्या खेळण्याची आठवण तू चिठ्ठी लिहिण्याइतकी मनात धरली आहेस, ते पसारा नव्हे. कुणी मागितलेलंच नसतं, त्याचा पसारा होतो.

आईला म्हण, या वर्षी एकच भेट हवी. आजी, काका, मामा यांनी पाच वेगळ्या वस्तू आणण्याऐवजी पैसे एकत्र करून ती एक गाडी आणावी. मग जरा चांगली घेता येईल. दुकानात तिची उलटी बाजू बघ. स्क्रू दिसायला हवेत, म्हणजे बिघडली तर उघडता येते. सेल बदलता यायला हवेत. चाकं सुटी मिळतात का तेही दुकानदाराला तूच विचार.

आणि तुझ्या घरी जुनं, बंद पडलेलं एखादं खेळणं असेलच. ते आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मामाबरोबर एक दुपार बस, आत मोटर कशी फिरते ते बघा. ही भेट मामाकडून मागून घे. तो ‘बघू, कधीतरी’ म्हणाला तर सोडू नकोस, कॅलेंडर त्याच्यासमोर धर आणि पेन त्याच्याच हातात दे.