अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी का आणि कशी शिकवतात?

आपली मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे, पुढच्या महिन्यात तिच्या वर्गात मार्क ट्वेन यांची ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ ही कादंबरी सुरू होणार आहे आणि पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येणाऱ्या एका वंशद्वेषी शब्दाविषयी शाळेने पालकांना आधीच पत्र पाठवले आहे, असे आपण लिहिले आहे. लहानपणी जी गोष्ट आपण तराफ्यावरून केलेल्या प्रवासाची साहसकथा म्हणून ऐकली, तिच्यासाठी एवढी सावधगिरी कशाला, आणि एवढी सावधगिरी लागणारच असेल तर ती शिकवायचीच कशाला, हा आपला प्रश्न आहे. मी हे पुस्तक दोनदा शिकले आहे. एकदा सोळाव्या वर्षी, पुण्याहून न्यू जर्सीला येऊन जेमतेम सात महिने झाले असताना, विद्यार्थिनी म्हणून. आणि त्यानंतर इंग्रजीची शिक्षिका म्हणून, गेली अकरा वर्षे जवळजवळ दरवर्षी. त्या दोन्ही अनुभवांवरून हे उत्तर लिहीत आहे.

पहिली अडचण भाषेची असते, आणि ती बाहेरून आलेल्या मुलांपुरती नसते. ट्वेन यांनी आरंभीच्या टिपणात सांगून ठेवले आहे की पुस्तकात मिसूरीतल्या कृष्णवर्णीयांची बोली, रानवट नैर्ऋत्य भागाची टोकाची बोली, पाइक काउंटीची सर्वसाधारण बोली आणि तिचेच चार उपप्रकार वापरले आहेत. मालवणी किंवा वऱ्हाडी कधीच न ऐकलेल्या माणसाने ती एकदम छापील पानावर वाचायला घ्यावी, तशी माझी गत झाली होती. त्यावर उपाय सोपा आहे. पहिली चार-पाच प्रकरणे मुलीने डोळ्यांनी वाचण्याआधी ध्वनिमुद्रणातून ऐकावीत. वाक्ये एकदा कानांत बसली की पुढे अडत नाही.

खरी अडचण उपरोधाची आहे. कथा सांगणारा हक हा तेरा-चौदा वर्षांचा, दारुड्या बापाचा, धड न शिकलेला मुलगा आहे. त्याला विनोद करायचा नसतो, कोणावर टीका करायची नसते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या गावात जे खरे मानले जाते ते सगळे त्यालाही खरेच वाटते. गुलाम ही मालमत्ता आहे, तिला पळून जायला मदत करणे ही चोरी आहे आणि चोरीचे फळ नरक आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. लेखकाला जे म्हणायचे आहे ते कोणत्याच पात्राच्या तोंडी येत नाही. हक काय सांगतो आणि आपल्याला काय दिसते, या दोहोंतल्या फटीत ते सापडते. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात ज्याला विपरीत लक्षणा म्हणतात तिचाच हा प्रकार आहे, फक्त इथे बोलणाऱ्यालाच आपल्या बोलण्याचा उलटा अर्थ ठाऊक नाही. ज्या विद्यार्थ्याला ही फट दिसत नाही, त्याच्या हातात एक वंशद्वेषी पुस्तक उरते, आणि असे वाचणारा विद्यार्थी मूर्ख असतो असेही नाही.

बत्तिसाव्या प्रकरणातला एक छोटा संवाद मी दरवर्षी कसोटीसाठी वापरते. हकचा मित्र टॉम सॉयर याच्या सॅली मावशीला आपल्या उशिरा येण्याचे कारण म्हणून हक थाप मारतो की वाफेच्या बोटीचे यंत्र फुटले. कोणाला लागले का, असे ती काळजीने विचारते. हक सांगतो की नाही, एक काळा मेला. त्याच्या तोंडी अर्थातच तो दुसरा शब्द आहे. त्यावर ती म्हणते, बरे झाले, कारण कधी कधी माणसांना इजा होते. इथे मी थांबते आणि वर्गाला विचारते की या दोन ओळींत क्रूर कोण आहे. पहिली उत्तरे बहुधा चुकतात. कोणी हककडे बोट दाखवतो, कोणी लेखकाकडे. मग एखादी मुलगी हळूच म्हणते की सॅली मावशी प्रेमळ आहे, आणि घोटाळा तोच आहे. ती पुढेही प्रेमळच राहते, हकला दत्तक घ्यायला निघते. मेलेला मनुष्य तिच्या हिशेबात माणसांत धरलेलाच नाही, आणि हे तिच्या चांगुलपणाला कोठेही आडवे येत नाही.

हाच खेळ पुस्तकात वेगवेगळ्या रूपांनी चालू राहतो. ग्रेंजरफर्ड आणि शेफर्डसन या दोन खानदानी घराण्यांचे पुरुष गुडघ्यांत बंदुका धरून चर्चमध्ये बसतात, बंधुभावावरचे प्रवचन ऐकतात, घरी येताना त्याची वाखाणणी करतात आणि पुढे एकमेकांची मुले मारतात. हकचा बाप, ज्याला स्वतःच्या मुलाचे पैसे दारूत उडवायचे आहेत, तो ओहायोतल्या एका स्वतंत्र, सुशिक्षित, मिश्रवर्णी प्राध्यापकाला आपल्या राज्यात मताचा अधिकार आहे हे ऐकून सरकारच्या नावाने बोटे मोडतो. हे प्रसंग मुलांना लवकर कळतात, म्हणून वर्गात मी त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचा तो एकतिसाव्या प्रकरणावर. हकचा सोबती जिम हा मिस वॉटसनच्या घरातून पळालेला गुलाम आहे. ती आपल्याला आठशे डॉलरला न्यू ऑर्लिन्सकडे विकणार असल्याचे ऐकून तो निघाला होता. दोघे तराफ्यावरून मिसिसिपीने खाली येतात, कैरो या अमेरिकेतल्याच गावापाशी ओहायो नदीला वळून गुलामगिरी नसलेल्या मुक्त राज्यांकडे जायचा त्यांचा बेत धुक्यात फसतो, आणि पुढे ‘राजा’ म्हणवणारा एक भामटा जिमला चाळीस डॉलरला विकून टाकतो. हक एकटा बसून विचार करू लागतो. आपण एका निरुपद्रवी म्हाताऱ्या बाईची मालमत्ता पळवली, हे पाप देवाने पाहिले आहे, असे त्याला वाटते. तो प्रार्थना करू पाहतो, पण शब्द फुटत नाहीत. शेवटी जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र तो मिस वॉटसनला लिहितो आणि त्याला आयुष्यात प्रथमच पापातून धुऊन निघाल्यासारखे वाटते. मग त्याला प्रवास आठवतो, आपली झोप मोडू नये म्हणून आपल्याही वाटणीचा पहारा करणारा जिम आठवतो. तो पत्र हातात घेतो, श्वास रोखतो, मी नरकातच जाईन असे ठरवतो आणि पत्र फाडतो.

आपण काहीतरी चांगले केले, असे त्याला एका क्षणासाठीही वाटत नाही. १८९५ मध्ये ट्वेन यांनी आपल्या वहीत या पुस्तकाबद्दल लिहिले की त्यात निकोप अंतःकरण आणि विद्रूप झालेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि सदसद्विवेकबुद्धी हरते. आतला आवाज नेहमी खराच असतो असे शिकवून वाढवलेल्या मुलांना हे वाक्य पचायला जड जाते. मलाही गेले होते. वर्गातले गोरे विद्यार्थी वाद घालत असताना आपला यात संबंध नाही अशा समजुतीने मी मागच्या बाकावर निवांत बसले होते, आणि त्याच आठवड्यात कधीतरी मला आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरातला, कामाला येणाऱ्या बाईंसाठी वेगळा ठेवलेला, दांडी तुटलेला कप आठवला. तो वेगळा का, हे मी कधी विचारले नव्हते, आणि आमचे घर चांगल्या माणसांचे म्हणून आळीत ओळखले जात होते.

ट्वेन स्वतः जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हाची त्यांनी ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात सांगितलेली एक हकिकत मी आता वर्गात वाचून दाखवते. हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसाने तिथल्या नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट्याने सोसली, हे पाहताच त्यांना मिसूरीतले बालपण आठवले. आपल्याला काय हवे ते गुलामाला सांगण्याची रीत हीच होती, हे ते विसरून गेले होते. स्वतःच्या मुलांवर सहसा हात न उगारणारे त्यांचे वडील घरच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकांसाठी मारत असत, आणि दहा वर्षांचे असताना ट्वेन यांनी एका गुलामाला केवळ काहीतरी धांदरटपणा केल्याबद्दल लोखंडी खनिजाचा धोंडा डोक्यात बसून मरताना पाहिले होते. हक ज्या गावात वाढतो त्याचे नाव काल्पनिक असले तरी ते कोठले आहे, हे यावरून मुलांना समजते.

आता त्या शब्दाविषयी. मी शिकत असताना आमच्या शिक्षकांनी उतारे मोठ्याने वाचायला लावले, आणि तो शब्द येई त्या प्रत्येक वेळी सगळ्या वर्गाच्या नजरा एकाच मुलाकडे वळत, कारण त्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता. त्याने पुस्तकाबद्दल शेवटपर्यंत एक वाक्यही उच्चारले नाही. पुस्तक थोर आहे म्हणून त्याचे ते सहा आठवडे क्षम्य ठरतात, असे मला वाटत नाही. म्हणून माझ्या वर्गात तो शब्द कोणी उच्चारत नाही. छापील पानावर तो तसाच राहतो. अलाबामातल्या एका प्रकाशनाने २०११ मध्ये त्याच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घालून आवृत्ती काढली होती, पण ती मी वापरत नाही. मूळ शब्द केवळ गुलामीची अवस्था सांगत नाही. हकच्या बापाच्या बडबडीत तो एका स्वतंत्र प्राध्यापकालाही लागतो, आणि गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही तो शब्द का गेला नाही, हे त्यावरूनच शिकवता येते. आपल्याकडच्या जातिवाचक शिव्या आठवून पाहाव्यात, म्हणजे शाळेला पत्र का पाठवावे लागले हे वेगळे सांगावे लागणार नाही.

या पुस्तकावरचे आक्षेप एकाच जातीचे नाहीत. १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या काँकर्ड येथील सार्वजनिक वाचनालयाने ते काढून टाकले, ते हकच्या असभ्यपणामुळे. जिमची तेथे कोणाला फिकीर नव्हती, आणि यामुळे आपल्या २५,००० प्रती जास्त खपतील म्हणून ट्वेन खूश झाले. याउलट १९८२ मध्ये व्हर्जिनियात चक्क मार्क ट्वेन यांचेच नाव असलेल्या शाळेतल्या एका कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने ते अभ्यासक्रमातून काढण्याची मागणी केली, आणि ती कृष्णवर्णीय मुलांना होणाऱ्या जाचामुळे. ॲरिझोनातल्या एका पालकाच्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये जो निवाडा दिला, तो मला समतोल वाटतो: पुस्तक अभ्यासक्रमातून काढण्याचा आदेश न्यायालय देणार नाही, पण विद्यार्थ्यांना होणाऱ्या वांशिक छळाची तक्रार येऊनही शाळेने दुर्लक्ष केले असेल, तर त्यासाठी तिला जबाब द्यावा लागेल.

पुस्तकातला दोष मीही लपवत नाही. शेवटच्या दहा-अकरा प्रकरणांत टॉम सॉयर येतो आणि कोठडीतल्या जिमची सुटका कादंबऱ्यांत वाचलेल्या पद्धतीने करण्यासाठी त्याला साप, उंदीर आणि कोळी पाळायला लावतो; अखेरीस कळते की मिस वॉटसनने मृत्युपत्रात त्याला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केले होते आणि टॉमला ते ठाऊक होते. कादंबरीकार हेमिंग्वे यांनी १९३५ मध्ये सगळे आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून येते असे म्हटले खरे, पण वाचकाने जिम चोरीला जातो तेथेच थांबावे, असेही सांगितले. माझे विद्यार्थी या भागावर चिडतात, आणि मी त्यांना चिडू देते. काहींच्या मते हा शेवटही उपरोधच आहे: ट्वेन यांनी लेखन १८७६ ते १८८३ या काळात केले, म्हणजे कायद्याने मुक्त झालेल्या माणसांचे हक्क दक्षिणेत पुन्हा हिरावून घेतले जात असताना. हा अर्थ मला पटतो, तरी त्या प्रकरणांत आपल्या बहिऱ्या झालेल्या मुलीच्या आठवणीने रडणारा बाप हरवून जिमचे पुन्हा हसण्याचे खेळणे होते, ही तक्रार त्याने मिटत नाही. त्यासाठीच अलीकडे अनेक शिक्षक हीच कथा जिमच्या तोंडून सांगणारी पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ ही २०२४ मधली कादंबरी, किंवा स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन जोडीला लावतात. मुलीच्या शाळेने तसे केले नसेल, तर डग्लस यांचे लहानसे पुस्तक आपण घरी आणून ठेवावे.

घरी मदत करायची असेल, तर कथानक समजावून सांगू नये. ते तिला समजेल. तिला चाळीस डॉलरचा माग काढायला सांगावा. सोळाव्या प्रकरणात पळालेले गुलाम शोधणारे दोघे, तराफ्यावर देवीचा रोगी आहे या समजुतीने जवळ यायला घाबरतात आणि मदत नाकारल्याची भरपाई म्हणून हकला वीस-वीस डॉलर देतात. राजा जिमला विकतो तो चाळीसला. आणि नाहक कैदेत ठेवल्याबद्दल शेवटी टॉम जिमच्या हातावर चाळीसच ठेवतो. जिम त्याने हरखून जातो. हे तीन प्रसंग शेजारी ठेवून त्या रकमेने प्रत्येक वेळी काय विकत घेतले, हे जर तिला मांडता आले, तर निबंधाची चिंता करू नये.

मुलीला हे वाचणे असह्य वाटले, तर बहुतेक शाळा पर्यायी पुस्तक देतात, आणि तसे मागण्यात कमीपणा नाही. मात्र ती मागणी तिची असावी. पहिल्या पानावर लेखकाची एक धमकीवजा सूचना आहे: या कथेत हेतू शोधणाऱ्यावर खटला भरला जाईल, बोध शोधणाऱ्याला हद्दपार केले जाईल आणि कथानक शोधणाऱ्याला गोळी घातली जाईल. ती सूचना तिने शेवटचे प्रकरण संपल्यावर पुन्हा वाचावी. वर्षअखेरीच्या निबंधाला मी बहुतेक वेळा तोच विषय देते.