काळ्या रंगाची नळी

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आरशांनी ऊन एकवटणाऱ्या सौर-औष्णिक संयंत्रांत ते ऊन झेलून तापणाऱ्या भागाची, म्हणजे रिसीव्हरची, कार्यक्षमता वाढवण्यावर संशोधन करायचं म्हणते. काळा रंग फासलेल्या नळीवर कसलं संशोधन? आम्ही डेटा सायन्स ठरवलं आहे. तिला समजवा.

उत्तर : समजावतो, पण तुम्हाला. दोन पानी पत्रात 'आम्ही ठरवलं' पाच वेळा आलंय. तिच्याबद्दल एकच ओळ, तीही तक्रारीची : "नळीवरचा चंदेरी ठिपका पांढरा का पडतो, हेच दिवसभर शोधत बसते." मला पत्रात तेवढीच ओळ कामाची वाटली. पन्हळी आरशांच्या संयंत्रात पोलादी नळीभोवती काच असते, आणि उष्णता निसटू नये म्हणून मधे निर्वात पोकळी. तो ठिपका बेरियमचा. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. म्हणजे या नळीतून आता उष्णता गळतेय. मुलगी नेमकं दुखणं शोधतेय आणि तुम्ही वैतागताय!

आता काळा रंग. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो, खरं. पण तापला की स्वतःच उष्णता बाहेर फेकू लागतो, तीही केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने. दुसऱ्या प्रकारच्या संयंत्रात आरसे ऊन एका मनोऱ्यावर फेकतात; तिथल्या रिसीव्हरमध्ये वितळलेले नायट्रेट क्षार साधारण ५६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. टर्बाइनला याहून गरम दिलं तर वीज जास्त मिळेल, पण पृष्ठभाग ५६५चा ७०० अंशांवर नेला की हे उत्सर्जन १.८ पट होतं. म्हणून ऊन शोषणारा पण उष्णतेचे अवरक्त किरण अडवून धरणारा लेप हवा, आणि तो उघड्या हवेत, रोज तापून रोज निवून टिकायला हवा. कुणी रिसीव्हर एका बाजूने उघड्या खोक्यात दडवतं, कुणी नळ्याच काढून उन्हाच्या झोतातून वाळूसारखे कण खाली सोडतं. रंगकाम नव्हे हे.

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची वाट तिला ठाऊक असणारच.

नोकरीची तुमची धास्ती मात्र खोटी नाही. उन्हापासून थेट वीज देणारी सौर पॅनेल स्वस्त झाल्यापासून ही संयंत्रं मोजकीच उभी राहतात. नुसत्या रिसीव्हरवर भिस्त ठेवू नये. पण उष्णता-वहन आणि उच्च तापमानाचे धातू पक्के असतील, तर बॉयलर, भट्ट्या, टर्बाइन सगळीकडे काम आहे. डेटा सायन्स तिला खरंच नकोय, की कुणी विचारलंच नाही, हे पत्रावरून कळत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकीट बंद करण्याआधी वाचू नका.