मॉडिफाय केलेली डिझेल पिकअप डायनोवर चढवली तर इंजिनाला मार बसतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमची इसुझूची व्ही-क्रॉस २.५ पिकअप आहे, रिमॅप करून (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवून) घेतली आहे, पुण्यात डायनोला, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राला, न्यायची आहे आणि मित्र सांगताहेत, "नेऊ नकोस, डायनोवर इंजिनाचं आयुष्य जातं."

नाही जात. इंजिन धडधाकट असेल तर दहा-बारा सेकंदांच्या तीन-चार रननी त्याला काही होत नाही. इंजिन आतून आधीच आजारी असेल तर आजार डायनोवर दिसतो, आणि दिसल्यावर ऐकायचं की नाही हे मालकाच्या हातात असतं. हे मी माझ्या मेव्हण्याला २०१६पासून सांगतोय. त्याला ते पटलेलं नाही, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

मी पुण्यात इंजिनच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिन थेट डायनोला जोडून तपासायच्या खोलीत, सहा वर्षं काढली आहेत. चाचणीच्या इंजिनाचं तर बहुतेक आयुष्य डायनोवरच जातं. नवीन मॉडेल बाजारात यायच्या आधी त्याची इंजिनं शेकडो तास फुल लोडवर चालवतात, रात्रंदिवस. रात्रपाळीला सेलमधले दिवे घालवले की जाड काचेपलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारी नळी) आणि टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) घर निखाऱ्यासारखं लालभडक दिसायचं. ते तसं तासन् तास राहायचं आणि इंजिन सकाळी जसंच्या तसं. पाणी, ऑइल, हवा आणि डिझेल या चारही गोष्टींचं तापमान ताब्यात असलं तर लोडने इंजिन मरत नाही. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय त्यांना "डायनोवर इंजिन जातं" हे वाक्य ऐकून राग येतो. मला येतो.

आता मेव्हण्याची गोष्ट. मी इंडियानात कोलंबसला राहतो, तो ओहायोत सिनसिनाटीला. त्याने २००६ची डॉज राम २५०० घेतली, सेकंडहँड, ५.९ लिटरचं कमिन्स, सहा गिअरची मॅन्युअल. हे इंजिन आपल्याला परकं नाही. याच ५.९च्या घराण्यातलं इंजिन टाटाच्या कित्येक ट्रकांत बसून आपल्याकडचे घाट चढत आलंय. डॉजच्या पिकअपमध्ये ते १९८९ सालच्या मॉडेलपासून येऊ लागलं तेव्हा १६० हॉर्सपॉवरचं होतं, २००६पर्यंत ३२५ झालं. ब्लॉक आणि क्रँक असे दणकट की अमेरिकेत लोक त्यातून दुप्पट ताकद काढतात. ब्लॉकला ते झेपतं. पिस्टन, इंजेक्टर आणि क्लच यांचं तसं नाही.

आधीच्या मालकाने इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदलले होते, स्वस्तातले, कुठून तरी रिकंडिशन केलेले. आणि एक ट्यूनिंगचा बॉक्स लावला होता, शून्य ते पाच अशा लेव्हलचा. माझ्या मेव्हण्याला पाच आवडायची. सिग्नल सुटला की मागे काळा धूर आणि पुढे हा हसतोय.

डायनोला चला, असं मी म्हटलं होतं, हे मान्य करतो. गाडी न्यूट्रलला उभी असताना मागे जी पांढरट धूसर वाफ यायची ती डोळ्यांत झोंबायची, न जळलेल्या डिझेलचा तो तिखट वास मला ओळखीचा आहे. एखाद्या इंजेक्टरचं नोझल टपकतंय असा मला संशय होता. म्हटलं, लोडवर काय होतंय ते बघू.

डायनो एडी करंट ब्रेकवाला, म्हणजे विजेच्या चुंबकाने रोलरला अडवणारा होता. नुसता जड ड्रम फिरवायचा प्रकार वेगळा. त्यात गाडी ड्रमला वेग देते, रन आठ-दहा सेकंदांत संपतो आणि डिझेलचा टर्बो कित्येकदा पूर्ण भरतही नाही, त्यामुळे आकडा रस्त्यापेक्षा कमी येतो. ब्रेकवाल्यात ऑपरेटर हवा तेवढा लोड लावतो, हवा तितका वेळ धरून ठेवतो. डिझेलची खरी तब्येत ब्रेकवाल्यावरच कळते. तुम्हाला पर्याय असेल तर तोच निवडा.

पाचव्या गिअरमध्ये रन घेतले, या गिअरबॉक्सला पाचवा १:१ असतो, म्हणजे गिअरमध्ये वेग कमी-जास्त होत नाही. पहिला रन लेव्हल शून्य: चाकांवर २७२ हॉर्सपॉवर. ३२५च्या इंजिनाला हे रास्त आहे. दुसरा लेव्हल तीन: ३६८, ग्राफची रेघ गुळगुळीत. मध्ये दहा मिनिटं पंखा लावून गाडी निवू दिली. तिसरा लेव्हल पाच. २६०० आरपीएमपर्यंत ठीक, आणि तिथून पुढे रेघ करवतीच्या दातांसारखी. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीत) १६०० बार दाब मागितला होता, बॉक्सच्या स्क्रीनवर आकडा १३००च्या खाली घसरत गेला. टर्बोच्या आधी बसवलेला एक्झॉस्टचा प्रोब ७९० डिग्री सेल्सिअस दाखवत होता. इकडच्या डिझेलवाल्यांचा ढोबळ नियम असा आहे की सलग चालवताना ७००च्या वर जायचं नाही, कारण पिस्टन अॅल्युमिनियमचे असतात. ऑपरेटरने लगेच पाय काढला. चौथा रन घेतलाच नाही. ग्राफचा प्रिंट काढला आणि त्यावर पेनने लिहून दिलं: रेल प्रेशर पडतंय, ट्रेलर ओढण्याआधी सगळे इंजेक्टर तपासून घ्या.

पंधरा दिवसांनी, ऑगस्टच्या उन्हात, मेव्हणा चार टनांचा कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) मागे लावून स्मोकी माउंटन्सला निघाला. इंजेक्टर तपासले नव्हते. बॉक्स लेव्हल पाचवर. केंटकी संपून टेनेसी लागलं की आय-७५ हायवेवर जेलिको डोंगराचा चढ लागतो. तिथे इंजिन बसलं. आधी ताकद गेली, मग ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइलचा फवारा, मग मागे पांढऱ्या धुराची भिंत. बायको, दोन पोरं, कॅम्पर आणि तो, रस्त्याच्या कडेला तीन तास. मला फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "दाजी, तुम्ही डायनोवर नेलीत आणि गाडी गेली."

मी इंजिन उघडताना स्वतः हजर होतो. शेवटचा, सहा नंबरचा पिस्टन एका कडेने वितळलेला होता, वरची रिंग उघडी पडली होती, अॅल्युमिनियमचे थेंब सिलिंडरच्या भिंतीला चिकटले होते. त्याच सिलिंडरच्या नोझलच्या टोकाला केसाएवढा तडा. बाकीचे पाच सिलिंडर बघाल तर होनिंगच्या (कारखान्यात भिंत घासताना उठलेल्या) तिरक्या रेघा जशाच्या तशा दिसत होत्या. तीन रनच्या उष्णतेने इंजिन गेलं असतं तर सहाही पिस्टनांवर काहीतरी खूण असती. एकाच नोझलखालचा एकच पिस्टन जातो तेव्हा गुन्हेगार कोण हे विचारायची गरज नाही.

आणि हिशोब करून बघा. पिकअप आणि कॅम्पर मिळून सव्वासात टन धरा, चढ ६ टक्के धरा, ताशी ८० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण, टायरचा विरोध आणि हवा मिळून चाकांवर सुमारे १८० हॉर्सपॉवर लागते. ताशी १०५ने चढायचं म्हटलं तर २७०च्या पुढे. म्हणजे लेव्हल शून्यावर डायनोने जी कमाल ताकद दाखवली होती, तेवढी सलग, मिनिटंच्या मिनिटं, भर उन्हात. डायनोवर तीन रन मिळून पाऊण मिनिट झालं नाही. ज्या घाटात लोक हौसेने पाय दाबून ठेवतात त्याला कुणी दोष देत नाही, कारण तिथे कागदावर ग्राफ निघत नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच झालं. फांदी कुजलेली होती आणि तसं लेखी मिळालं होतं.

माझीही चूक झाली, ती मी लपवत नाही. त्या दिवशी बॉक्स लेव्हल शून्यावर आणून, केबल काढून माझ्या खिशात ठेवायला हवी होती. मी सांगितलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या इंजिनाचा खर्च मजुरीसकट अकरा हजार डॉलर झाला. पैशांपेक्षा मला ते रस्त्याच्या कडेचे तीन तास जास्त लागतात, कारण पोरं माझीच भाचरं आहेत.

तुमच्या मित्रांनी बहुधा अमेरिकेतल्या डायनो स्पर्धांचे व्हिडिओ बघितले असावेत, ज्यांत इंजिन फुटून तुकडे उडतात. त्या गाड्या दोन-दोन हजार हॉर्सपॉवरच्या असतात, ताकदीसाठी नायट्रस वायू मारलेल्या, फुटायच्या बेतानेच बनवलेल्या. तुमच्या व्ही-क्रॉसचं इंजिन कंपनीतून सुमारे १३४ हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्कचं आलंय, रिमॅपने त्यात थोडी भर पडली असेल. त्या व्हिडिओंचा तुमच्याशी काही संबंध नाही.

तुमच्या गाडीत मार बसलाच तर क्लच प्लेटला बसेल. रिमॅप केलेल्या डिझेलचा टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम चढतो आणि मूळ क्लच तिथे घसरतो. डायनोवर आरपीएम चढतोय आणि रोलरचा वेग चढत नाही असं दिसलं की लगेच थांबवायला सांगा. ताकदीचा आकडा नंतर बघता येईल. तुमच्या गाडीचं फोर-व्हील-ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, त्यामुळे टू-व्हीलमध्ये ठेवून मागच्या चाकांच्या रोलरवर चालतं. मड टेरेन टायर असतील तर काढून साधे हायवेचे लावून जा, रोलरवर त्यांचे ठोकळे तापून तुटतात आणि पट्ट्याने गाडी करकचून खाली ओढली की आणखी तापतात. मुख्य मुद्दा हवेचा. रस्त्यावर इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) ताशी ८०चा वारा मिळतो, गॅरेजमध्ये एक पंखा. पंखा छोटा असेल तर दुसरीकडे जा, आणि दोन रनमध्ये गाडी खरोखर निवू द्या. घाईघाईने लागोपाठ सहा रन घेणारा ऑपरेटर असेल तर तुमच्या मित्रांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरेल, हे मी कबूल करतो.

ऑटोमॅटिक पिकअपवाल्यांसाठी हे सगळं थोडं बदलतं, तिथे टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेली ऑइलची जोडणी) लॉक असल्याशिवाय रन घेऊ नये. तुमची मॅन्युअल आहे म्हणून त्यात शिरत नाही.

आणखी एक, कायद्याचं. रिमॅपबरोबर कुणी ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून दिला असेल तर तो परत चालू करून घ्या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. इकडेही धुरावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा काढणं बेकायदा आहे. मेव्हण्याच्या मॉडेलला ईजीआर आणि काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर मुळातच नव्हते, म्हणून तो प्रश्न आमच्याकडे आला नाही.

डायनोवर जाताना नुसत्या हॉर्सपॉवरचा कागद घेऊन येऊ नका. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), रेल प्रेशर आणि जमलं तर एक्झॉस्टचं तापमान, तिन्ही रेघा मागून घ्या. रिमॅप करणाऱ्याने एक्झॉस्टचा प्रोबच बसवला नसेल तर आधी तो बसवा, हजारो रुपये ट्यूनिंगला देऊन तापमान न मोजणारी माणसं मला समजत नाहीत. मेव्हण्याचा तो प्रिंट माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे, ऑपरेटरच्या अक्षरासकट. त्याने हे उत्तर वाचलं तर पुढच्या दिवाळीला घरी येईल तेव्हा दाखवीन. तुमचा ग्राफ आला की रेल प्रेशरची रेघ इथे टाका, बघून सांगतो.