फरशी कुठली ते नंतर, आधी भराव कुणाच्या गळ्यात आहे ते बघा

तुमची पोस्ट वाचून आमच्याकडचा सगळा तमाशा पुन्हा डोळ्यांपुढे आला. तुमच्याकडेही तेच: नवा स्विमिंग पूल, कोपिंगलगत (म्हणजे पूलच्या काठावर बसवलेल्या दगडांलगत) फरशीला लांबच लांब भेग, पाऊस पडला की अंगणातलं गढूळ पाणी थेट पूलमध्ये, आणि ठेकेदाराचं पालुपद: ‘थोडं बसणारच, ग्राउट भरून देतो.’ तुम्ही विचारताय की ही फरशी काढून पोर्सेलिन लावू की ग्रॅनाइट. माझं म्हणणं, सध्या काहीच लावू नका. जे लावाल तेही बसेल.

कारण वर नाही, खाली आहे. पूलचा खड्डा पूलपेक्षा मोठा खणतात, माणसांना वावरायला आणि शटरिंगला जागा हवी म्हणून. भिंत उभी राहिली की ती दोन-तीन फुटांची पोकळी मातीने भरून टाकतात. बाहेरची जमीन वर्षानुवर्षं दबलेली असते, हा भराव मात्र कालचा. डेकचा, म्हणजे पूलभोवतीच्या फरसबंदीचा, काँक्रीट स्लॅब अर्धा जुन्या जमिनीवर, अर्धा भरावावर. पाणी मुरलं की भराव खाली जातो, स्लॅबची पूलकडची कड त्याच्यामागे जाते आणि बाहेर काढलेला ढाळ आत वळतो. गढूळ पाणी आत येतंय ते म्हणूनच. ग्राउटने भेग बुजेल, ढाळ फिरणार नाही.

खात्री करायची असेल तर हातोडीच्या लाकडी दांड्याने कोपिंगपासून बाहेरच्या बाजूला टकटक करत जा. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळी असेल तिथे बद्द येतो. बद्द आवाजाची हद्द खडूने आखा. ही आखणी खड्ड्याच्या मूळ कडेला समांतर निघाली तर वेगळ्या निदानाची गरज उरत नाही. नुसत्या विखुरलेल्या ठिकाणी बद्द आवाज आला, तर मात्र फरशीखालचा मसाला नीट भरला नसेल. तो वेगळा आणि बराच स्वस्तातला आजार.

आता आमचं. पूल एका कंपनीचा, डेक दुसऱ्या माणसाचा. डेक बसायला लागल्यावर पूलवाल्यांचं ऑफिस म्हणालं, ‘आमचं काम कोपिंगपर्यंत.’ डेकवाला म्हणाला, ‘माझं काम स्लॅबच्या तळापर्यंत.’ दोघांचे कागद काढून शेजारी ठेवले, तर दोघंही खरं बोलत होते. मधल्या मातीला कुणीच वाली नव्हता. एका कागदावर फक्त ‘बॅकफिल’, म्हणजे भराव, एवढा एकच शब्द. किती जाडीचे थर, कशाने दाबायचे, माती कुठली, काही नाही.

मी त्या ऑफिसकडे दोनच गोष्टी मागितल्या: भराव करतानाचे फोटो किंवा नोंद, आणि पाइपांच्या प्रेशर टेस्टचा कागद. ‘फाइल साइट इंजिनिअरकडे आहे.’ इंजिनिअर नोकरी सोडून गेलेले. ‘नव्या साहेबांना विचारून सांगतो.’ साहेब कायम मीटिंगमध्ये. शेवटी एका ओळीची ईमेल आली की जमीन बसणं ही नैसर्गिक प्रक्रिया आहे. पूल विकताना याच लोकांनी घरी येऊन रंगीत थ्रीडी चित्रं दाखवली होती, त्यात आरामखुर्चीवरचा टॉवेलसुद्धा होता! असो. कागद नाही म्हणून जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नाही म्हणून फोडायचा खर्च आमचा.

फोडल्यावर खाली काय होतं? स्लॅबच्या तळाशी अख्खा पंजा आडवा जाईल एवढी पोकळी. त्याखाली मातीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, शटरिंगच्या फळ्यांचे कुजलेले तुकडे, विटांचे अर्धे आणि एक रबरी बूट. लाकूड कुजलं की तेवढी जागा रिकामी होते, दुसरं काय होणार. स्किमरकडे (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं पूलच्या भिंतीतलं तोंड) जाणाऱ्या पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, त्या बसणाऱ्या मातीने खाली ओढला होता, त्याच्या सांध्यातून झिरपणारं पाणी भराव आणखी मऊ करत होतं. म्हणजे बसल्यामुळे गळती, गळतीमुळे आणखी बसणं.

म्हणून तुम्हीही आधी पाणी कमी होतंय का ते बघा. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करा आणि २४ तासांनी पाहा. दोन्ही सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. मग पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर, स्किमरच्या तोंडाशी रंगाचे थेंब सोडा. फट असेल तर रंग तिच्याकडे ओढला जातो. स्किमर आणि भिंत यांचा सांधा हे गळतीचं नेहमीचं ठिकाण, विशेषतः स्लॅबचं काँक्रीट स्किमरला घट्ट चिकटवून ओतलं असेल तर. स्लॅब हलला की प्लास्टिकचा गळा तडकतो.

एक इशारा, हा गंभीरपणे घ्या: ‘पूल रिकामा करून काम करू’ असं कुणी म्हणालं तर आधी भूजल किती वर आहे ते विचारा. बाहेर पाणी भरलेलं आणि आत काहीच नाही, अशा अवस्थेत पूलचं अख्खं कवच उचललं जाऊ शकतं. डेकच्या कामासाठी सहसा पूल रिकामा करावा लागतही नाही.

दुरुस्तीचं माझं मत. (मी इंजिनिअर नाही, पैसे घालवून शिकलेला माणूस आहे. तुमची माती मी पाहिलेली नाही.) स्लॅब अखंड असेल तर खाली फोम किंवा पातळ मसाला दाबून तो उचलून देणारे लोक असतात. भराव स्वच्छ असेल तर ठीक. पण खाली कचरा पुरलेला असेल तर काही काळाने परत तेच. आणि गळती बंद न करता उचलणं म्हणजे निव्वळ पैशांचा धूर. तुमच्या जागी मी असतो तर स्लॅबची पूलकडची पट्टी फोडून भराव पूर्ण उपसला असता.

नवा भराव १५० ते २०० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थर दाबून. माती किंचित ओलसर हवी, कोरडी ठणठणीत नको आणि चिखलही नको. ‘वरून पाणी सोडलं की आपोआप बसते’ हे वाळूला बऱ्यापैकी लागू पडतं, चिकणमातीला अजिबात नाही. अरुंद जागेत दाबायला यंत्र जात नसेल तर धुतलेली खडी भरा, ती फारशी बसत नाही. मात्र खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) घाला आणि खडीत साठणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट ठेवा. फायबरग्लासचा पूल असेल तर उत्पादकाने सांगितलेलाच भराव वापरायचा, आणि बाहेर भराव चढेल तसं आत पाणी चढवत न्यायचं.

हे सगळं करारात लिहून घ्या: थराची जाडी, सामान, दाबण्याचं यंत्र, प्रत्येक थराचा फोटो. जो भराव करील त्याचं नाव. पाइपांमध्ये दाब भरून गेज लावून ठेवायला सांगा आणि भराव व काँक्रीट पुरं होईपर्यंत गेज काढू देऊ नका. कुणाचं फावडं पाइपाला लागलं तर काटा तिथल्या तिथे पडतो, माणसं साइटवर असतानाच.

ढाळ मीटरला साधारण २ सेंटिमीटर, पूलपासून बाहेर, आणि पाणी शेवटी कुठे जाणार ते आधी ठरवा. घराच्या भिंतीकडे जाणार असेल तर मध्ये चॅनल ड्रेन (वर जाळी असलेली अरुंद नाली) हवाच, त्याला साफसफाईचं तोंड हवं. छताच्या पाण्याचा पाइप त्याच लाइनीत सोडू नका.

कोपिंग आणि डेक यांच्यामधला सांधा हा भरायचा नाही, राखायचा असतो. साधारण १२ मिमी रुंद, स्लॅबच्या पूर्ण जाडीतून आरपार, खाली बॅकर रॉड (फोमची दोरी), वर लवचिक सीलंट. त्यात सिमेंट ग्राउट भरला की उन्हात फुगलेला डेक कोपिंगला ढकलतो, आणि मग पूलच्या काठाच्या टाइल्स निघायला लागतात. म्हणूनच तुमच्या ठेकेदाराचं ‘ग्राउट भरून देतो’ ऐकून माझा जीव वरखाली झाला. १०० मिमीच्या स्लॅबला अडीच-तीन मीटरवर कट हवेत, जाडीच्या पाव खोलीचे. वरच्या टाइल्समधले सांधे नेमके त्याच रेषेवर यायला हवेत, नाहीतर भेग आपली रेष स्वतः काढते.

विजेचं काम माझ्या शब्दावर करू नका, परवानाधारक माणूसच बोलवा. एवढंच सांगतो: स्लॅबमधली सळई, शिडी, रेलिंग, पंप हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेलं लागतं, आणि काँक्रीट ओतण्याआधी ते राहून गेलं तर पुन्हा फोडणं आलं. पट्टी फोडताना जुनी तार तुटली का तेही पाहून घ्या. आमच्याकडे तुटली होती आणि ते कुणीही आपणहून सांगितलं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. ओल्या अनवाणी पायांसाठी जर्मन डीआयएन ५१०९७ मानकातून आलेले ए, बी, सी असे वर्ग आहेत, सी सगळ्यात कमी घसरणारा. पोर्सेलिन घेतलंत तर पूलकाठासाठी किमान बी आणि पायऱ्यांना सी मागा, आणि कॅटलॉग बघून नव्हे तर नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी उभं राहून ठरवा. ग्रॅनाइट घेतलंत तर फ्लेम्ड (आगीने खरखरीत केलेला), पॉलिश अजिबात नाही, आणि काळा रंग टाळा, दुपारी पाय ठेववत नाही. ट्रॅव्हर्टिन आणि चुनखडीचे दगड पायाला छान लागतात, पण पूलसाठी आणलेलं ॲसिड सांडलं की डाग नाही, खड्डा पडतो. खाऱ्या पाण्याचा पूल असेल तर मऊ सच्छिद्र दगड नकोच. मीठ आत सुकून पापुद्रे काढतं. चकचकीत थर देणारं सीलर म्हणजे घसरगुंडी.

माझ्या मनाचं विचाराल तर नुसत्या दाबलेल्या खडीवर बसवलेले सुटे पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), कडेला पक्का बंदोबस्त करून. दिसायला जरा साधे, पण एखादा कोपरा बसला तर तेवढेच उचला, खाली खडी घाला, परत ठेवा. ब्रेकर बोलवावा लागत नाही. आणि काहीही करा, पण बंद करण्याआधी डेकखालून दोन-तीन रिकामे पाइप आरपार टाकून ठेवा, दोन्ही तोंडं झाकून आणि नकाशावर मापं लिहून. छत्री, दिवे, बाहेरचा शॉवर, काहीतरी नंतर सुचतंच.