तिसऱ्यांदा उभं राहण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सुभेदारमामा लोकसभेला दोनदा अपक्ष उभे राहिले, दोन्ही वेळा अनामत गेली, आणि आता तिसऱ्या वेळी त्यांचा निवडणूक प्रतिनिधी तू होणार आहेस. सोसायटीत, नाक्यावर, रिक्षा स्टँडवर सगळे मामांना सलाम ठोकतात, मग ती मतं जातात कुठे, असं तू विचारलंस.

पहिलं उत्तर भूगोलाचं आहे. ठाणे लोकसभेत सहा विधानसभा येतात: मीरा-भाईंदर १४५, ओवळा-माजिवडा १४६, कोपरी-पाचपाखाडी १४७, ठाणे १४८, ऐरोली १५० आणि बेलापूर १५१. मधला १४९ गाळलाय, तो मुंब्रा-कळवा, आणि तो कल्याण लोकसभेत जातो. खारघर, कामोठे, पनवेलकर स्वतःला नवी मुंबईचे म्हणवतात, पण मत मावळला देतात. कोपरीपलीकडचं मुलुंड ईशान्य मुंबईत. मामांच्या माजी सैनिकांच्या बैठकीला कळव्याचे आणि खारघरचे किती जण येतात ते एकदा मोज. ते जिवाला जीव देतील, मत देऊ शकणार नाहीत.

दुसरं गळतीचं ठिकाण गावची मतदार यादी. नोकरीत असताना जवानाचं नाव त्याच्या मूळ पत्त्यावर सेनादलातील मतदार म्हणून लागतं. निवृत्तीनंतर राहत्या ठिकाणी सामान्य मतदार म्हणून फॉर्म ६ भरावा लागतो. वीस वर्षं वर्तकनगरला राहणारे आणि मतदानाला साताऱ्याची एसटी धरणारे पुष्कळ सापडतील. तेव्हा ओळखीच्या प्रत्येक माजी सैनिकाचा मतदार ओळखपत्र क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून त्याचा विधानसभा क्रमांक वहीत लिही. घरातल्या सगळ्यांचा लिही. या एका कामाला दोन महिने लागतील आणि त्यात मामांची खरी पलटण किती, ते कळेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे यादी मागायला जाऊ नकोस, ते देणार नाहीत आणि देऊही नये.

आता आकडे. मतदारसंघात सुमारे २५ लाख मतदार. २०२४ ला मतदान ५२ टक्क्यांच्या आसपास झालं, नरेश म्हस्के यांना ७ लाख ३४ हजार आणि राजन विचारे यांना ५ लाख १७ हजार मतं पडली. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, म्हणजे इथे सव्वादोन लाखांच्या घरात. त्यामुळे 'निदान या वेळी डिपॉझिट वाचवू' हे उद्दिष्ट मामांच्या डोक्यातून काढ. ते छोटं वाटतं, पण ठाण्यात अपक्षासाठी ते जवळजवळ जिंकण्याइतकंच अवघड आहे.

मामा म्हणतील, फौजीला लोक मानतात. मानतातच. जनरल करिअप्पा, म्हणजे देशाचे पहिले भारतीय सरसेनापती, १९७१ ला ईशान्य मुंबईतून उभे होते. शिवसेनेचा पाठिंबा होता, तरी पडले. बाडमेरला २०१४ ला मेजर जसवंत सिंह अपक्ष लढले. माजी परराष्ट्रमंत्री, घरचा मुलूख, तरी सुमारे ८७ हजारांनी हरले, आणि हरवणारे कर्नल सोनाराम चौधरीही फौजीच, पण त्यांच्यापाशी पक्षाचं चिन्ह होतं. त्याच वर्षी जनरल व्ही. के. सिंह गाझियाबादहून पाच लाखांहून जास्त मतांनी आले, तेही पक्षाच्या चिन्हावर. आपल्याकडे राजापूरला १९९१ ला माजी लष्करी अधिकारी सुधीर सावंत निवडून आले, ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून. वर्दीमुळे उमेदवाराला भाव येतो. वर्दीच्या जोरावर अपक्ष निवडून येतो, असं या यादीत तरी कुठे दिसत नाही.

म्हणून आधी मागच्या दोन पराभवांचे कागद काढ. फॉर्म २० म्हणजे अंतिम निकालपत्रक, ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. प्रत्येक विधानसभेची वेगळी फाईल असते. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, वर आडव्या ओळीत उमेदवारांची नावं, शेवटाकडे वैध मतं आणि 'नोटा', म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' ही मतं. मामांचा रकाना वरून खाली वाचत जा. बहुतेक केंद्रांवर २, ४, १, ३ असे आकडे दिसतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, कुणीही काही न करता एवढी मतं सगळ्याच अपक्षांना पडतात. मध्येच कुठे २८ किंवा ४१ दिसेल, तिथे थांब आणि लाल पेनाने खूण कर. त्या केंद्राचा पत्ता यादीच्या त्याच क्रमांकाच्या भागात सापडेल. तिथे कोण राहतं, कुणी काम केलं, फक्त घरोघर फिरणं झालं की कुणाची बहीण तिथे दिलेली आहे, ते शोध. मग उलटी तपासणी: ज्या दहा जणांनी मामांच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली, त्यांच्या स्वतःच्या केंद्रांवर मामांना किती? तिथे नोटा जास्त असेल तर त्या सह्या भिडेखातर झाल्या होत्या, असं समज. एक सावधगिरी: केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात. दोन निवडणुकांची तुलना क्रमांकाने करू नकोस, शाळेच्या नावाने आणि यादीतल्या इमारतींवरून कर.

वेळेचं गणित मामांना कागदावर मांडून दाखव. २०२४ ला इथे माघारीची मुदत ६ मे रोजी संपली आणि मतदान २० मे रोजी होतं. अपक्षाला चिन्ह मिळतं माघार संपल्यावर, आणि प्रचार थांबतो मतदान संपायच्या ४८ तास आधी. म्हणजे चिन्ह हातात आल्यावर १२ दिवस. सहा विधानसभांना वाटले तर मीरा रोडच्या वाट्याला दोन, ऐरोलीला दोन. त्यातला पहिला दीड दिवस छपाईत जातो, कारण पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो आणि प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र दिल्याशिवाय प्रेसवाल्याने छापायचं नसतं. हे घोषणापत्र आणि मजकुराचा साचा चिन्हाची जागा मोकळी ठेवून आधीच तयार असू दे. दोन हजारांहून जास्त केंद्रं, एकेकावर हजार-बाराशे मतदार, आणि हातात बारा दिवस. भोंगा लावलेली रिक्षा फिरवून हे होत नाही. ते लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आहे, भाजणाऱ्यांना वाटतं भरपूर काम झालं.

अर्जाबद्दल बारकाईने सांगतो, कारण इथे तुझी जबाबदारी आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा, आणि दहाही याच मतदारसंघातले मतदार हवेत. एक जरी कळव्याचा निघाला तरी तो अर्ज गेला. चारपर्यंत अर्ज भरता येतात, अनामत २५,००० रुपये एकदाच. तेव्हा दोन संच भर आणि दुसऱ्यात दहा वेगळे सूचक घे. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जुन्या स्लिपवरून उतरवू नकोस, ताज्या यादीतून घे. चिन्हांचे तीन पसंतिक्रम पहिल्या दाखल केलेल्या अर्जातलेच धरतात, ते विचार करून लिही. रिक्षावाल्याला एका शब्दात सांगता येईल असं चिन्ह निवड.

फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र भरताना एकही रकाना कोरा राहता कामा नये. आडवी रेघही नको, 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिही. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान होतं का, असा एक रकाना आहे. फौजेतून नुकत्याच आलेल्या उमेदवाराला तिथे क्वार्टरचं भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांचा ना-देय दाखला लावावा लागतो. मामांची दहा वर्षं उलटली असतील तर तसं शब्दांत लिही. मतपत्रिकेसाठीचा फोटो साध्या कपड्यांत, पांढुरक्या पार्श्वभूमीवर, गेल्या तीन महिन्यांतला. वर्दी, टोपी, काळा चष्मा चालत नाही. आणि शपथ! अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी शपथ घ्यावी लागते. शेवटच्या दिवशी पावणेतीनला ढोलताशे घेऊन पोचणारे ती विसरतात आणि छाननीला बाद होतात. तीन दिवस आधी, चार माणसांनिशी, सकाळी ११ ला जा. निवडणूक निर्णय अधिकारी त्रुटींची यादी देतात, ती भरून काढायला वेळ मिळतो.

कागद कमी पडला की काय होतं याचं ठळक उदाहरण २०१९ चं वाराणसी. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादूर यादव तिथे उभे राहिले होते. पाच वर्षांच्या आत बडतर्फ झालेल्या सरकारी नोकराला, बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानीबद्दल नव्हती, असं आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. ते नव्हतं, अर्ज बाद. सर्वोच्च न्यायालयातही काही हाती लागलं नाही. मामा सन्मानाने निवृत्त आहेत, त्यांना हे लागू नाही. पण ते सध्या एखाद्या सरकारी बँकेत किंवा महामंडळात सुरक्षेच्या नोकरीवर असतील तर अर्जाआधी राजीनामा मंजूर होऊन हातात पाहिजे. पेन्शनची अडचण नाही.

मागच्या पत्रकावर मामा वर्दीत आणि मागे रणगाडा होता, तो या वेळी नको. प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नयेत, असं आयोगाने २०१३ ला सांगितलं आणि मार्च २०१९ ला पुन्हा बजावलं. 'सुभेदार' लिहायचं तर नावापुढे '(निवृत्त)' हवंच. एवढ्याने भागतं.

मुद्द्यांचंही तेच. दोन्ही वेळा मामा वन रँक वन पेन्शनवर बोलले. घोडबंदरला रोज दीड तास अडकणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? खासदाराच्या हातातला, सहाही विधानसभांना लागू पडणारा विषय म्हणजे रेल्वे. दिघा गाव स्थानक तयार होऊन उद्घाटनासाठी तिष्ठत होतं, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. कळवा-ऐरोली उन्नत मार्गाचं घोडं अजून अडलेलं आहे. असे दोन विषय धरून मामांनी तीन वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज टाकले, उत्तरं फलाटावर वाटली, तर बोलायला काहीतरी असेल.

पैसे. खर्चाची मर्यादा ९५ लाख, म्हणजे मतदारामागे तीन रुपये ऐंशी पैसे. मामांचा खर्च त्याच्या जवळपासही जाणार नाही, पण हिशेबाचे नियम तेच. अर्जाच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. कुणाही एका व्यक्तीला किंवा दुकानाला साऱ्या निवडणुकीत मिळून दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चुका होतात त्या फुकटच्या वस्तूंत. मित्राने जीप दिली, वहिनींनी शंभर कप चहा केला, मंडपवाल्याने खुर्च्यांचे पैसे घेतले नाहीत, तरी जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे त्यांची किंमत धरली जाते. खर्च निरीक्षक आपल्यावर नजर ठेवून स्वतंत्र लिहितात त्या छाया नोंदवहीत ती जीप असते आणि आपल्या वहीत नसते, मग नोटीस. रोज रात्री वही लिही, चहाचे कपसुद्धा.

मतदान प्रतिनिधी दोन हजार केंद्रांवर मिळणार नाहीत, प्रयत्नही करू नकोस. लाल खुणेच्या केंद्रांवर बसव. सकाळच्या अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्राच्या चाचणीला, प्रतिनिधी हजर हवा आणि निघताना फॉर्म १७ सी ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हातात हवी.

मामांना माझं मत विचारलंस तर सांग: नाव-पत्त्यासह तीनशे केंद्रांवर आपली माणसं उभी राहत नाहीत तोवर लोकसभा नको. महापालिकेचा प्रभाग लहान असतो, पण तिथेही चार जणांच्या पॅनेलात एकटा अपक्ष मार खातो, तेव्हा आधी तीन जोडीदार शोधावे लागतील. ते ऐकणार नाहीत, हे गृहीत धरूनच वरचं सगळं लिहिलं आहे. शिवाय पुढच्या निवडणुकीआधी मतदारसंघाच्या हद्दी बदलू शकतात, म्हणून वहीत विधानसभा क्रमांकाबरोबर इमारतीचं नावही लिहीत जा.

तुझा,
काका

ता. क. मागच्या निवडणुकीचा खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दिला होता ना? त्याची शिक्क्याची पोच शोध. हरलेले उमेदवार इथेच कंटाळतात. मग नोटीस येते, तिला उत्तर जात नाही आणि आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. ती तीन वर्षं आदेशाच्या तारखेपासून मोजतात, मतदानाच्या नव्हे. पोच सापडली नाही तर फॉर्म २० वगैरे राहू दे, सोमवारी आधी कोर्ट नाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन ये.